मंडळावरची निनावी पत्रं

१० जुलै १९४९, रविवार

आमचं वादविवाद मंडळ अखेर स्थापन झालं. दिल्लीत देशाची घटना लिहिणारे अडीच वर्षं बसलेत. मी मंडळाची घटना दोन दुपारींत लिहून काढली. कलमं एकोणीस. त्यातलं अकरावं माझ्या खास आवडीचं आहे: 'कार्यकारी मंडळातील चर्चा बाहेर फुटता कामा नये.' माधव म्हणाला, "अरे, वादविवाद मंडळ काढतोयस की तोफखाना?" माधवचं हे असंच. कशाचं गांभीर्य म्हणून नाही.

कार्यकारी मंडळात आम्ही चौघं. चिटणीस मी. हा माधव, माझा शाळेपासूनचा मित्र. सरोजिनी ही डॉक्टरांची मुलगी, वर्गातल्या तीन मुलींपैकी बोलणारी एकटीच. चौथा मच्छिंद्र. तो खर्ड्याकडच्या कुठल्याशा गावचा, बोर्डिंगात राहतो, नादारीवर, म्हणजे फी माफ होऊन, शिकतो. त्याच्या गावातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. त्याला घ्यायचं सरोजिनीने सुचवलं. का सुचवलं, ते कळलं नाही. लक्षात ठेवलं आहे.

प्रिन्सिपॉल साहेबांनी परवानगी दिली, पण बजावलं की राजकारण नको.

जेवताना अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा कचेरीत शिरस्तेदार, त्यांना नियमांची कदर. पण घटना ऐकून ते खूश झाले नाहीत. म्हणाले, "गेल्या वर्षी काय झालं ते विसरलास का?" गेल्या वर्षी गांधीजी गेल्यावर पोलीस याद्या घेऊन गल्लोगल्ली फिरत होते, आणि अण्णांचे एक स्नेही काही संबंध नसताना तीन आठवडे आत होते. मी म्हणालो, "अण्णा, आमचं मंडळ नुसतं भाषणांचं आहे. घटनेतच लिहिलंय तसं." ते म्हणाले, "यादी करणारा घटना वाचत नाही, शाम."

मग मात्र त्यांनी बारीकसारीक विचारलं. कोण कोण आहे, कुठे जमता, विषय कोण ठरवतं. मुलाच्या मंडळात इतका रस घेणारे वडील किती जणांना असतात? बरं वाटलं.

१७ जुलै

काल पहिली सभा झाली. विषय, 'यंत्रांनी माणूस सुखी झाला काय?' हॉल निम्मा भरला. मी तीन संस्कृत श्लोक घातले होते. टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी.

मच्छिंद्र उभा राहिला तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. तो थांबला. हसू संपू दिलं आणि म्हणाला, "आमच्याकडं मोट हाकताना मानूस गानी म्हनतो. इंजनाला गानी येत न्हाईत. पन इंजन आलं तर बैलाच्या पाठीवर वळ बी उठनार न्हाईत. आता सुक कुनाचं मोजायचं, मान्साचं का बैलाचं?"

टाळ्या इतक्या की साहेबांनी खोलीतून डोकावून पाहिलं.

मला हेवा वाटला. निदान इथे तरी खोटं कशाला लिहू? पण हेव्याखेरीजही एक प्रश्न उरतोच. हे भाषण त्याला लिहून कोणी दिलं?

२४ जुलै, रविवार

मच्छिंद्रला घरी बोलावलं होतं, पुढच्या सभेचं ठरवायला. खरं सांगायचं तर त्याला जरा न्याहाळायला.

अण्णांनी त्याला सहज विचारलं, मोडी येते का? तर याला अस्खलित येते! आमच्या पिढीत चौथीपुरती गिरवून सगळे विसरले. हा म्हणतो, "आज्यानं शिकवली. गावातली जमिनीची समदी कागदं मीच वाचून दावतो." अण्णा एकदम फुलले. जुनं दप्तर काढलं, त्याच्याकडून वाचून घेतलं, स्वतः चार ओळी लिहून वळण कसं राखायचं ते दाखवलं. माझ्याबरोबर अण्णा इतका वेळ बसल्याचं आठवत नाही.

आईने त्याला चहा बाहेर ओटीवर, कान तुटलेल्या कपात दिला. पिऊन झाल्यावर त्याने तो कप स्वतःच विसळून पायरीवर पालथा घातला. कोणी सांगितलं नव्हतं. इतका नम्रपणा कशासाठी असेल बरं?

१ ऑगस्ट, सोमवार

व्हायचं तेच झालं. साहेबांनी बोलावून घेतलं. मंडळाविरुद्ध निनावी पत्र आलंय! आणि तेही मोडीत.

साहेब बाहेरगावचे, त्यांना मोडी येत नाही. कॉलेजच्या कारकुनाने बालबोधीत नक्कल करून दिली, ती मला दाखवली. मूळ पत्र साहेबांच्या खणात कुलपात. नक्कल अशी: 'आपले कॉलेजात वादविवादाचे नावाखाली भलतेच विषय चालतात. चिटणीस मुलगा सत्शील, कुलीन व अभ्यासू आहे, परंतु त्यास फूस लावणारे भेटले आहेत. सबब मंडळ बंद करण्याचा हुकूम व्हावा.'

निदान माझ्याबद्दल तरी बरं लिहिलंय. शत्रूनेही ज्याचं चारित्र्य मान्य करावं, असा मी आहे, ही गोष्ट साहेबांच्याही ध्यानात आली असावी.

पण मोडी! ती लिहिणारा आमच्यात कोण, हे मला त्या रविवारीच कळलेलं. तरी एकदम बोट दाखवायचं नाही. माधवला मंडळ म्हणजे पोरखेळ वाटतो. सरोजिनीला चिटणीस व्हायचं होतं. तिच्या वडिलांकडे येणारा एखादा म्हातारा रोगी तिला पत्र लिहून देऊ शकेल. डोळे उघडे ठेवायला हवेत.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता बंद करा ना ते मंडळ. तेच शोभेल." मी म्हणालो, "आता तर मुळीच नाही." त्यांनाही संताप आलेला दिसला.

८ ऑगस्ट

दुसरं पत्र. या खेपेला फार वाईट. इतिहासाचे सर मुलांना लाल पुस्तकं वाचायला देतात, असा आळ घेतलाय. सरांनी आम्हाला एक पुस्तक दिलंय हे खरं, पण ते निळं आहे. आणि ही गोष्ट आम्हा चौघांच्या बैठकीतच झालेली. म्हणजे अकराव्या कलमाचा राजरोस भंग. फितूर चौघांतच आहे. मला सोडलं तर तिघांत.

साहेब संतापले आहेत. म्हणाले, "माझ्या प्राध्यापकांची अब्रू घेणारा विद्यार्थी मी ठेवणार नाही. नाव शोधून द्या."

परतताना मच्छिंद्रच्या मागे गेलो. कॉलेजच्या आवारात टपालपेटी असताना हा गडी कापडबाजारापर्यंत चालत गेला आणि तिथल्या पेटीत पत्र टाकलं. टाकण्यापूर्वी इकडेतिकडे पाहिलं. मी पानवाल्याच्या आडोशाला होतो. पानवाल्याने दोनदा विचारलं, "काय देऊ?" शेवटी नको असताना पान खावं लागलं.

१४ ऑगस्ट, रविवार

सापळा लावला! तिघांना पुढच्या सभेचे तीन वेगळे विषय सांगितले, प्रत्येकाला शपथ घालून. सरोजिनीला सांगितलं, 'सिनेमाने समाज बिघडतो काय'. माधवला, 'राष्ट्रभाषा कोणती असावी'. आणि मच्छिंद्रला, 'कसेल त्याची जमीन'. आता पुढच्या पत्रात जो विषय येईल, त्याच्या धन्याच्या गळ्यात घंटा.

बोर्डिंगात भिंतींना कान असतात, म्हणून मच्छिंद्रला मुद्दाम घरी बोलावून सांगितलं. ओटीवर फक्त आम्ही दोघं होतो. झोपाळ्यावर अण्णा वर्तमानपत्र वाचत होते तेवढेच. विषय ऐकून मच्छिंद्रचे डोळे चमकले. "ह्यावर मला लई बोलायचं हाय," म्हणाला. बोल बाबा, बोल. लिहीसुद्धा.

२० ऑगस्ट, शनिवार

सापडला.

तिसरं पत्र आलं. 'आता तर कूळकायद्यावर व कसणाराचे हक्कावर प्रक्षोभक भाषणे करविण्याचा घाट आहे.' नक्कल मी दोनदा वाचली. गणित सुटल्यावर होतो तसा आनंद.

साहेबांना सापळ्याची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "शाबास. नाव लेखी द्या." मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच दौतीतून लिहून दिलं. मग बाहेर येऊन फळ्यावर नोटीस लावली: 'कलम अकराचा भंग व चहाडी केल्याबद्दल श्री. मच्छिंद्र यांस कार्यकारी मंडळातून कमी करण्यात येत आहे. चिटणीस.'

सरोजिनी म्हणाली, "त्याला एकदा विचारायचं तरी होतंस." मी म्हणालो, "चोराला विचारून कोणी चोर ठरवतं का?" ती निघून गेली. तिचंही काही साटंलोटं होतं की काय?

२३ ऑगस्ट

साहेबांनी मच्छिंद्रला बोलावलं होतं. मूळ पत्रं त्याच्यापुढे ठेवली. साहेब सांगत होते, "बराच वेळ पाहत राहिला. चेहरा पार उतरला त्याचा. 'मी लिवलं न्हाई' एवढंच म्हणाला. मग कोणी लिहिलं म्हटलं, तर खाली मान." याहून कबुली ती काय वेगळी असते?

नादारी बंद. महिनाअखेर बोर्डिंग सोडायचं. म्हणजे शिक्षण संपलंच. एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं. पण केलं कोणी? त्यानेच ना?

अण्णांना सांगितलं तर त्यांचा हात ताटातच थांबला. "काढलं त्याला? बोर्डिंगातून?" मग म्हणाले, "आणि मंडळ?" मी अभिमानाने सांगितलं, "मंडळ चालू! आता तर साहेबांचा पूर्ण विश्वास आहे." ते भात तसाच टाकून उठले. आई म्हणाली, पित्त झालं असेल.

२५ ऑगस्ट

बोर्डिंगचा आचारी बन्सी आज फाटकाशी गाठ पडली म्हणून थांबला. चांगला चाळिशीचा माणूस, पण रडवेला झालेला. "दादा, मच्छिंद्राला का घालवताय वो? माजी पत्रं आता कोन लिवनार?" विचारलं तेव्हा कळलं की याची बायको माहेरी जाऊन बसली आहे आणि तिच्या बापाला फक्त मोडी वाचता येते. दर आठवड्याला मच्छिंद्र याचं पत्र लिहितो. बोर्डिंगातली पोरं थट्टा करतात, म्हणून टाकायला बाजारातल्या पेटीपर्यंत जातो.

हे खरं असेलही. म्हणून बाकीचं खोटं ठरत नाही. बन्सीची पत्रं लिहिणारा साहेबांनाही लिहू शकतोच.

पण दुपारभर अभ्यासात मन लागलं नाही.

२७ ऑगस्ट, शनिवार

आता लिहायला बसलोय, पण कुठून सुरुवात करू ते कळत नाही.

साहेब म्हणाले, प्रकरण मिटलं, कागद नीट लावून द्या. खणातून मूळ पत्रं काढून माझ्या हातात दिली. आजवर मी नकलाच पाहिल्या होत्या.

पहिलं उघडलं. मला वाचावं लागलंच नाही. पाटीवर याच अक्षरावरून मी बोट फिरवलंय. माझी मुंज ठरली तेव्हाच्या याद्या याच अक्षरात होत्या. अण्णांचं अक्षर मी उलटं धरलं तरी ओळखेन.

तिन्ही पत्रं लावली. दोरी बांधली. साहेबांना म्हणालो, "झालं, सर." आणि घरी आलो.

अण्णा झोपाळ्यावर होते. मी विचारलं, "अण्णा, ती पत्रं तुमची?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. म्हणाले, "माझी. तुझ्याबद्दल एक वावगं अक्षर नाही त्यात."

"का लिहिलीत?"

"तू माझं ऐकत नव्हतास. साहेब बंद करतील, तू चार दिवस रुसशील आणि सुटशील, असं वाटलं होतं. तुझं नाव कुठल्या यादीत आलं म्हणजे काय होतं ते मी कचेरीत रोज बघतो, शाम. नोकरी नाही, काही नाही. ते पोरगं यात सापडेल हे माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

"मग साहेबांना सांगा तसं."

त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. "पेन्शनीला दोन वर्षं राहिलीत. सरकारी नोकराने निनावी पत्रं लिहिली, हे बाहेर आलं तर?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्याची शेती आहे गावाकडे. तो जगेल. तुला काय आहे?"

आतून आईने हाक मारली, ताटं वाढली आहेत. मी गेलो आणि जेवलो. हे लिहून ठेवलंच पाहिजे. मी पोटभर जेवलो.

आता आठवतंय. प्रत्येक बैठकीनंतर घरी येऊन मी काय बोललो, कोण काय म्हणालं, सरांनी कुठलं पुस्तक दिलं, सगळं सगळं. अकरावं कलम मोडणारा शोधायला मी पानवाल्याच्या आड उभा राहिलो होतो! स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

२८ ऑगस्ट, रविवार

सकाळी बोर्डिंगात गेलो. मच्छिंद्र ट्रंकेला दोर बांधत होता. मी दारातच उभा राहिलो. त्याने बस म्हटलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"वळखलं. तुमच्या वडलांनीच वळण दावलं हुतं की."

"मग साहेबांपुढे बोलला का नाहीस?"

त्याने गाठ मारली, ओढून पाहिली. "काय बोलायचं? शिरस्तेदारसायबांनी लिवलं, म्हनून सांगायचं? मंग सायेब कुनाला बोलावून इचारनार? चिटनीसाला. तुमी काय सांगितलं असतं?"

मी विचार केला. खरं उत्तर द्यायचं म्हणून विचार केला. म्हणालो, "मी म्हणालो असतो, सापडला म्हणून हा आता माझ्या वडिलांवर आळ घेतोय."

"व्हय. मला बी तसंच वाटलं."

तो रागावून बोलत नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "चुकलं माझं. मला माफ कर."

"हितं खोलीत माफी नगं," तो म्हणाला. "फळ्यावरची नोटीस आमच्या गावचा सूर्यभान वाचून गेला. कोर्टाच्या कामाला आल्ता. गावात जाऊन बापाला सांगितलं, तुजं पोरगं चहाडखोर निगालं. चार दिस बाप चावडीवर गेला न्हाई. शाळा सुटली तर सुटली, शेतात काम हाय. पन चहाडखोर म्हनून मी गावात कसा जाऊ?"

"मग मी काय करू?"

"तुमच्या वडलांचं नाव घाला, असं मी म्हननार न्हाई. त्ये तुमचं तुमी बघा. मी न्हवं, एवढं लिवा. त्याच फळ्यावर. अन् खाली नाव घाला. चिटनीस नगं. नाव."

एवढं बोलून तो पुन्हा ट्रंकेकडे वळला. मी निघालो.

२९ ऑगस्ट, सोमवार

ही नोंद कॉलेजच्या वाचनालयात बसून लिहितोय.

सकाळी कोणी यायच्या आत नोटीस लावली. 'श्री. मच्छिंद्र यांनी कार्यकारी मंडळातील कोणतीही गोष्ट फोडलेली नाही. निनावी पत्रे त्यांची नाहीत. मंडळातील गोष्टी मी माझ्या घरी सांगत होतो. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला.' खाली नाव घालताना टाक थांबला. आपल्याकडे पूर्ण नाव लिहायचं म्हणजे मधे वडिलांचं नाव येतंच. आद्याक्षरांवर भागवता आलं असतं. माधवने तसं सुचवलंही असतं. पण मच्छिंद्रने नाव मागितलं होतं. लिहिलं: शामकांत नृसिंह जवळेकर.

तासाभरात फळ्यापुढे गर्दी. सरोजिनीने दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. माधव आला, वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही विनोद न करता माझ्याशेजारी उभा राहिला.

अकराला साहेबांचं बोलावणं आलं. नोटीस त्यांच्या टेबलावर होती. शेजारी ती तीन पत्रं, मीच दोरी बांधलेली.

"मच्छिंद्रविरुद्धचा हुकूम मी रद्द करतो," ते म्हणाले. "त्याला ट्रंक सोडायला सांगा. पण माझ्या एका प्राध्यापकावर या कागदांत आळ आहे, तो पुसला गेला पाहिजे. जवळेकर, तुमच्या घरी मोडी कोण लिहितं?"

खिडकीतून बोर्डिंगचा रस्ता दिसत होता. मला वाटलं, आजोबा म्हणावं. ते वारून सहा वर्षं झाली, त्यांचं कोणी काय वाकडं करणार? तोंडाशी आलंही होतं.

"वडील," मी म्हणालो.

साहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहून घेतलं. पूर्ण नाव विचारलं नाही, नोटिशीवरूनच उतरवलं.

मच्छिंद्रला निरोप बन्सीबरोबर पाठवला. स्वतः जायचा धीर झाला नाही. बन्सी येऊन सांगून गेला, ट्रंक उघडली म्हणून. मंडळात परत येईल का, असं मी विचारलं. बन्सी म्हणाला, "त्ये काय बोलले न्हाईत."

साडेपाच वाजून गेले. अण्णा कचेरीतून घरी आले असतील. आई चहा ठेवेल आणि शाम अजून कसा आला नाही, म्हणून ते दोनदा दारापर्यंत येऊन पाहतील. वाचनालय सहाला बंद होतं.